उमेदवारीच्या काळातली प्रार्थना

फ्लॅनरी ओ'कॉनर हे नाव अमेरिकन कथा वाचणाऱ्यांना नवं नाही. जॉर्जिया राज्यातली ही कॅथलिक लेखिका १९६४ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ल्युपसच्या आजाराने गेली. मागे राहिल्या दोन कादंबऱ्या आणि तीसेक कथा. त्यांतली माणसं फसतात, मरतात, एका बाईचा तर लाकडी पायच बायबल विकणारा पोरगा पळवून नेतो. आणि या सगळ्या क्रौर्याच्या पोटात ईश्वरी कृपेचा एखादा क्षण दडलेला असतो, असं लेखिकेचं म्हणणं होतं. तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने, २०१३ साली, 'अ प्रेयर जर्नल' हे तिचं चिमुकलं पुस्तक निघालं. आयोवा विद्यापीठात शिकत असताना, जानेवारी १९४६ ते सप्टेंबर १९४७ या काळात, एका साध्या वहीत तिने लिहिलेल्या या प्रार्थना. संपादन विल्यम सेशन्स यांचं. छापील मजकूर चाळीसेक पानांचा, आणि सोबत तिच्या हस्ताक्षरातली वही जशीच्या तशी. सुरुवातीची पानं गहाळ झाल्यामुळे मजकूर वाक्याच्या मधूनच सुरू होतो.

या वहीकडे बघण्याच्या दोन सवयी पडल्या आहेत. श्रद्धाळू वाचक तिच्यात भावी संताची चाहूल शोधतात. साहित्याचे अभ्यासक पुढच्या कथांची बीजं शोधतात. दोन्ही वाचनांत वही ही कशाची तरी पूर्वतयारी ठरते. मला ती तशी वाटत नाही. वीस-बावीस वर्षांच्या एका मुलीने प्रार्थना आणि लेखन ही एकच उमेदवारी मानून केलेलं काम, असं मी तिच्याकडे बघते. उमेदवारी म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणं. ही मुलगी एकाच वेळी दोन कामं शिकते आहे आणि दोन्हींचा उस्ताद एकच आहे, असा तिचा विश्वास आहे. विश्वासापेक्षा, तसा विश्वास असावा अशी तिची इच्छा आहे. या दोहोंतलं अंतर हाच वहीचा खरा विषय.

योगायोग असा की, गहाळ पानांनंतर उरलेल्या मजकुराच्या अगदी पहिल्या ओळींत हेच येतं. आपण देवाचा विचार करण्याऐवजी वाक्य सजवण्यात रमलो आहोत की काय, अशी शंका तिथे आहे. प्रार्थना करता करता प्रार्थनेच्या भाषेवर लक्ष जाणं ही लेखकाची जुनी खोड. तिला ती पाप वाटते, पण सोडवत नाही. पाठ केलेल्या पारंपरिक प्रार्थना ती नाकारत नाही. त्या म्हणताना मन भटकतं, एवढंच सांगते. म्हणून ही वही: स्वतःच्या शब्दांत लिहिलं की निदान लक्ष तरी जाग्यावर राहील.

कॅथलिक शिकवणीत प्रार्थनेचे चार प्रकार सांगतात: स्तवन, पश्चात्ताप, आभार आणि मागणं. चौथा प्रकार तेवढा आपल्याला जमतो, असं ती सरळ लिहून टाकते. आणि मागते. चांगली लेखिका कर, म्हणते. आणखी एखादी कथा कुठेतरी स्वीकारली जाऊ दे, म्हणते. सुमार राहणंच नशिबी असेल तर ते मुकाट्याने सोसायला शिकावं लागेल, हेही लिहिते आणि त्या सुमारपणाच्या धास्तीने पुन्हा मागायला लागते. १९४६ साली 'अॅक्सेंट' या नियतकालिकात तिची 'द जिरॅनियम' ही कथा आली होती. म्हणजे दार किलकिलं झालं होतं. अशा वेळी देवाकडे 'शांती दे' असं मागणं सभ्य ठरतं. 'माझी कथा छापून येऊ दे' हे मागायला धीटपणा लागतो, कारण त्यात मागणाऱ्याची हाव उघडी पडते. ती हाव लपवून केलेली प्रार्थना तिला खोटी वाटली असती.

या वहीतली काही पानं मी गेले काही महिने मराठीत करून पाहते आहे. अनुवादकाला पहिला प्रश्न पडतो तो संबोधनाचा. ती देवाला पत्राच्या मायन्यासारखी हाक मारते. मराठीत 'देवा' म्हटलं की आपण थेट अभंगात जातो. 'प्रभो' किंवा 'परमेश्वरा' म्हटलं की चर्चच्या भजनपुस्तकात. 'प्रिय देवा' कानाला परकं लागतं, पण मला तेच योग्य वाटतं, कारण ते पत्र आहे, आणि उत्तराची खात्री नसताना लिहिलेलं पत्र आहे. पुढे 'तू' येतोच. तो येताना मात्र विठ्ठलाशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली सलगी बरोबर घेऊन येतो.

ही सलगी मराठीची श्रीमंती आहे, आणि इथे तीच अडचण ठरते. तुकाराम विठ्ठलाशी भांडतो, त्याला टाकून बोलतो. पण भांडायला समोर कोणीतरी आहे, याची त्याला बहुतेक वेळा खात्री असते. आपल्या बोलण्याचं श्रेय तो पांडुरंगाला देतो. ओ'कॉनरही जवळजवळ तसंच म्हणते: मी कधी चांगली लेखिका झालेच, तर देवाने माझ्यासाठी लिहिलेल्या काही गोष्टींचं श्रेय कृपाळूपणे माझ्या नावे टाकलं म्हणून होईन. दोन्ही विधानं शेजारी ठेवली की तुलनाकाराला आनंद होतो. पण इथे थांबायला हवं. तुकारामाचा शब्द कीर्तनात, चारचौघांत, टाळांच्या साथीने उभा राहतो. आयोवातल्या मुलीचा शब्द बंद वहीत आहे. तो कोणी ऐकू नये म्हणूनच लिहिला आहे. त्यात सलगी नाही, सलगीची तहान आहे. अभंगाची सराईत भाषा वापरली तर ती तहान अनुवादातच भागून जाईल.

याच आयोवात पुढे दिलीप चित्रे आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमासाठी जाऊन राहिले. तो कार्यक्रम सुरू करणारे पॉल एंगल हेच ओ'कॉनरचे शिक्षक. तिचे दक्षिणी उच्चार न समजल्याने त्यांनी तिला म्हणणं कागदावर लिहून द्यायला सांगितलं होतं. चित्र्यांनी तुकाराम इंग्रजीत नेला, 'सेज तुका' १९९१ साली आलं. उलट्या दिशेचा प्रवास, म्हणजे एका अस्वस्थ कॅथलिक मुलीला तुकारामाच्या भाषेत आणणं, हा त्यामानाने छोटा उद्योग. पण भाषेची परीक्षा तोही घेतो.

सर्वांत कठीण जागा चंद्राच्या प्रतिमेची. देव तिला चंद्राच्या बारीक कोरीसारखा दिसतो, आणि ती स्वतः पृथ्वीची सावली. त्या सावलीमुळे पूर्ण चंद्र दिसत नाही. कोर सुंदर आहे, पण सावली वाढत जाऊन चंद्र पुरता झाकेल आणि मग मी स्वतःला त्या सावलीवरून जोखीन, अशी तिला भीती आहे. चंद्राची कोर पृथ्वीच्या सावलीने होत नाही, हे शाळकरी मूलही सांगेल. प्रतिमेला त्याने बाध येत नाही. बाध येतो तो मराठीने. आपल्याकडे 'सावली' म्हणजे आसरा: आईची, झाडाची, मायेची. 'छाया' घ्यावी तर लगेच छत्रछाया आठवते, कृपाछाया आठवते. ओ'कॉनरची सावली निवारा देत नाही, आड येते. मी 'पडछाया' हा शब्द घेतला आणि पुढच्या वाक्यांत 'मी तुझ्या आड येते' हे क्रियापद ठेवलं. मूळ प्रतिमेतला धर्मविचार मला या क्रियापदात सापडला. पाप म्हणजे केवळ दुष्कृत्य नव्हे; माणसाने स्वतःच स्वतःच्या आणि देवाच्या मध्ये उभं राहणं.

विद्यापीठात ती ज्या विचारांच्या गराड्यात होती, त्याचे पडसाद वहीत आहेत. श्रद्धा ही दुबळ्या मनाने रचलेली सोय आहे, हे म्हणणं तिला झटकून टाकता येत नाही. आपण देव आपल्याच रूपात घडवला असं होऊ नये, अशी विनवणी ती करते. आणि ही विनवणी त्याच देवापुढे करावी लागते, यातला पेच तिलाही दिसत असणार. स्वर्गापेक्षा नरकाची कल्पना आपल्याला अधिक सहज करता येते, असं ती कबूल करते, कारण नरक पृथ्वीसारखा आहे. पुढे तिच्या कथांत हिंसा इतकी ठोस आणि कृपा इतकी ओझरती का असते, याचं उत्तर शोधायला या कबुलीपासून सुरुवात करता येईल.

नात्यांबद्दल वही कमी बोलते. वडील ती पंधरा वर्षांची असताना ल्युपसनेच गेलेले, आई दूर जॉर्जियात. जन्मभर एकटं राहायचं नाही, असं ती म्हणते. आणि लगेच, माणसं आपल्याला देवाची आठवण करून देऊन अधिकच एकटं करतात, असंही. वरवर पाहता हे तरुण वयातलं चमकदार वाक्य वाटेल. पण त्यामागे विचार आहे. प्रूस्त, लॉरेन्स, फ्रॉइड यांनी प्रेम मानवी शरीरात आणि इच्छेत शोधलं, ते ठिकाण तिला चुकीचं वाटत नाही. प्रेमाची व्याख्या इच्छेवरच संपवणं मात्र मान्य नाही. प्रेमाची भूक माणसावर थांबत नाही म्हणून माणूस पुरत नाही, अशी ही मांडणी आहे.

अखेरची नोंद २६ सप्टेंबर १९४७ ची. आज आपण ओटची बिस्किटं आणि वासनेचे विचार यांचा फडशा पाडला, आता स्वतःविषयी सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं लिहून ती वही संपवते. अनेक वाचकांना इथे हसू येतं आणि ते तिला अभिप्रेत असावं. पण खादाडपणा आणि कामवासना ही दोन्ही सात प्रमुख पापांत मोडतात. मराठीतला 'खादाड' हा शब्द आता लाडाचा झाला आहे. बिस्किटं खाण्यात पाप कसलं, असं वाचकाला वाटेल. इथे शब्दाचा नव्हे, जगण्याचा अनुवाद अडतो. रोजच्या खाण्यापिण्याला आत्म्याच्या हिशेबात जागा आहे, हे मानणाऱ्या माणसालाच ती नोंद एकाच वेळी विनोदी आणि गंभीर वाटू शकते.

वहीच्या मर्यादा सांगायला हव्यात. तिच्यातलं 'मी' फार मोठं आहे आणि शेजारी फार लहान. वंशभेदाने चिरफाळलेल्या दक्षिणेतून आलेल्या या मुलीच्या आत्मपरीक्षणात त्या समाजाचा मागमूस फारसा लागत नाही. पुढे तिच्या पत्रांतले वंशद्वेषी उद्गार उजेडात आले आणि २०२० साली मेरीलँडच्या लोयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेलं तिचं नाव काढून घेतलं. सुमारपणाची इतकी धास्ती घेणारं मन या बाबतीत आपल्या काळाइतकंच सुमार राहिलं, हे वहीकडे परतताना विसरता येत नाही. शिवाय, तिने प्रकाशनासाठी न लिहिलेली वही आपण वाचतो आहोत. हस्ताक्षराची प्रतिकृती पाहताना ही घुसखोरी अधिकच जाणवते.

तरीही मराठीत ही वही यावी असं मला वाटतं, त्याचं कारण मराठी ख्रिस्ती लेखन वाचण्याच्या आपल्या पद्धतीत आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणापासून ही परंपरा आहे. पण आधुनिक काळात आपण तिला ओळखतो ती बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'ने आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी, म्हणजे उंबरठा ओलांडणाऱ्यांच्या आत्मकथनांनी. साहजिकच आपला प्रश्न ठरून गेला आहे: यांनी धर्म का बदलला? त्यामुळे ख्रिस्ती लेखक आपल्याला सामाजिक इतिहासाचा साक्षीदार म्हणून दिसतो. त्याच्या अंतरंगापर्यंत आपण क्वचित पोचतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या धर्माचीच चर्चा अधिक झाली. 'सुबोध बायबल'च्या मराठीबद्दल किती जणांनी लिहिलं?

ओ'कॉनरने धर्म बदललेला नाही. ती कॅथलिक घरात जन्मली, आजूबाजूचा समाज बहुसंख्येने प्रॉटेस्टंट. तिचा प्रश्न, जे मिळालं आहे त्यात प्रामाणिकपणे राहायचं कसं, असा आहे. हा प्रश्न वसईतल्या, अहमदनगरच्या किंवा गोव्यातल्या जन्माने ख्रिस्ती असलेल्या तरुण मुलीलाही पडत असेल, आणि तो धर्मांतराच्या चर्चेत कुठेच बसत नाही. मल्याळम किंवा खासी वाचकाला यात नवल वाटणार नाही. मराठी वाचकाला मात्र अशा लेखनासाठी कान तयार करावे लागतील.

तो प्रश्न ख्रिस्ती माणसापुरताही नाही. ज्याला काही चांगलं करायचं आहे आणि ते स्वतःच्या बळावर होणार नाही अशी शंका आहे, त्याला या वहीतली धडपड कळेल. मागावं तर हाव दिसते, न मागावं तर खोटेपणा होतो. ओ'कॉनरने मागितलं, आणि मागण्याची लाजही त्याच पानावर लिहून ठेवली. मराठीत आणताना दोन्ही शाबूत राहिली पाहिजेत, एवढीच माझी अनुवादक म्हणून अट आहे.