बालपणीचे व्रण आणि आत्मपरीक्षण : एका ग्रंथाच्या निमित्ताने

व्हिएतनामी भिक्षू थिक न्हात हान्ह (१९२६-२०२२) यांचा 'रिकन्सिलिएशन : हीलिंग द इनर चाइल्ड' हा छोटेखानी ग्रंथ २०१० साली प्रसिद्ध झाला. बालपणी मनावर झालेले आघात प्रौढपणी कसे डोके वर काढतात आणि अंतर्मुख होऊन ते कसे शमवावेत, हा त्याचा विषय आहे. आपल्या विहारांत भरणाऱ्या ध्यानशिबिरांतून या विचाराचे पडसाद आता ऐकू येऊ लागले असल्यामुळे पाली वाङ्मयाच्या कसोटीवर तो तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रंथाचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्रत्येकाच्या अंतरंगात एक जखमी बालक वास करीत असते. त्याच्या वेदनेला भिऊन आपण त्याच्यापासून दूर पळत राहतो. साधकाने श्वासावर स्मृती स्थिर करून त्या बालकाकडे परत जावे, आई रडत्या लेकराला उचलून घेते तसे त्याला जवळ घ्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे. पुढे स्वतःस पाच वर्षांचे मूल म्हणून पाहावे आणि नंतर पित्यासही पाच वर्षांचे मूल म्हणून पाहावे, म्हणजे पित्याविषयीचा क्रोध वितळून करुणा उपजते.

ही साधना पोकळ आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. दिवसभर गावात किंवा गिरणीत अपमान गिळून घरी आलेला बाप तो अपमान लेकरांच्या पाठीवर उतरवितो, हे आपल्या वस्त्यांनी पाहिलेले आहे. अशा घरात वाढलेल्या मुलामुलींना बापाकडे पाच वर्षांचे मूल म्हणून पाहता आले, तर पुष्कळ गाठी सुटतील. मात्र त्या पाच वर्षांच्या मुलाकडे नीट पाहिले, तर ते कोठे बसलेले दिसते? वर्गाच्या बाहेर, दारापाशी. म्हणजे बापाचे बालपण पाहता पाहता साधकाच्या दृष्टीस शाळा पडते, पाणवठा पडतो, गाव पडते. ग्रंथाचा भर मूल, आईबाप आणि पूर्वज या साखळीवर आहे. ती साखळी ज्या गावाच्या खुंट्याला बांधलेली असते, त्याकडे त्याची नजर फारशी वळत नाही.

ग्रंथाचा तात्त्विक पाया आलयविज्ञानाचा आहे. ही संकल्पना योगाचार संप्रदायाची असून निकायांत ती या रूपाने नाही, एवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाही. तान्ह्या मुलाच्या मनाचा विचार निकायांनीही केलेला आहे. महामालुंक्य सुत्तात उताण्या निजणाऱ्या अर्भकाचे उदाहरण येते : 'मी'पणाची कल्पनाही ज्याला नाही, अशा त्या जिवात अनुसय मात्र सुप्त असतात. आमचा मतभेद आहे तो उपचाराविषयी.

मज्झिम निकायातील सुनक्खत्त सुत्तात विषारी बाणाने विद्ध झालेल्या पुरुषाचा दृष्टांत आहे. त्याचे आप्तमित्र शल्यवैद्याला आणतात. वैद्य शस्त्राने जखम उघडतो, सळईने बाण शोधतो, बाण उपटतो, विष काढतो. येथे सुत्त एक सूक्ष्म भेद करते. एका रुग्णाच्या शरीरात विषाचा अंश उरलेला असतो, पण वैद्य आता काही उरले नाही असे समजून त्याला पथ्यपाणी सांगतो. रुग्णही बरा झालो असे मानून पथ्य मोडतो आणि व्रण पुन्हा चिघळतो. दुसऱ्याचे विष निःशेष काढलेले असते. तो पथ्य पाळतो, जखम भरते, वर कातडी येते. पुढे भगवंत रूपक उलगडतात : व्रण म्हणजे सहा आध्यात्मिक आयतने, विष म्हणजे अविज्जा, बाण म्हणजे तण्हा, सळई म्हणजे सति आणि शस्त्र म्हणजे आर्य पञ्ञा.

यावर कोणी म्हणेल की सुत्तातला बाण तण्हेचा आहे, जातीचा नाही. आक्षेप योग्य आहे आणि सुत्ताला आम्हांस हवा तो अर्थ चिकटविण्याची आमची इच्छा नाही. आमचे लक्ष विषाकडे आहे. विष म्हणजे अविज्जा. ज्या मुलाला वेगळे बसविले, ज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले, त्याच्या मनात दुःखासोबत एक खोटी समजूतही शिरते : 'मी कमी आहे, म्हणून माझ्या वाट्याला हे आले.' दुःख हा त्या जखमेचा ठणका आणि ही समजूत तिच्यातले विष होय. अंतरंगातील बालकाला कुशीत घेतल्याने ठणका खात्रीने कमी होतो. पण ते बालक स्वतःविषयी जे मानते ते खरे की खोटे, हा प्रश्न कुशीत घेणाऱ्याने विचारला नाही, तर सुत्तातील पहिल्या रुग्णाची अवस्था ओढवते. सळई आहे, शस्त्र नाही. प्रस्तुत ग्रंथात सति भरपूर आहे. पञ्ञा मात्र, निदान या विशिष्ट अर्थाने, तोकडी पडते असे आमचे मत आहे.

याच संदर्भात संयुत्त निकायातील सल्ल सुत्ताचा आजकाल जो वापर होतो, त्याचाही परामर्श घेतला पाहिजे. पहिला बाण जग मारते, दुसरा आपण स्वतःच स्वतःला मारून घेतो, असे त्याचे सार प्रवचनांतून सांगितले जाते. आता मूळ पाठ पाहा. तेथे 'पुरिसं' हे पद द्वितीया विभक्तीत आहे. विद्ध होणारा पुरुष हे कर्म आहे, कर्ता अध्याहृत आहे, आणि दुसरा बाण मारण्याच्या क्रियेतही वाक्यरचना तीच राहते. दृष्टांतातील पुरुष कोठेही स्वतःवर बाण सोडीत नाही. शोक करणे, छाती पिटणे हे अश्रुतवान पृथग्जनाचे वर्तन सुत्त सांगते आणि ती जबाबदारी त्याच्यावर येते हे खरे. परंतु अपमानित मुलाला 'दुसरा बाण तुझाच' असे ऐकविण्यास या सुत्ताचा आधार नाही. व्याकरणाची ही बाब क्षुल्लक वाटेल, पण दोष कोणाच्या पदरात पडतो हे तिच्यावरून ठरते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांची पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केली. त्यातील पहिला प्रसंग १९०१ च्या सुमाराचा, त्यांच्या वयाच्या नवव्या वर्षाचा आहे. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटतो, गाडीवान मिळत नाहीत. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. सोबत शिधा भरपूर, पण पाणी कोणी देईना. म्हणून मुले उपाशीच निजतात. अस्पृश्यता बाबासाहेबांना त्याआधीही ठाऊक होती. शाळेत बसायचे गोणपाट रोज घरी न्यावे लागे. पण तोवर ते सारे त्यांना नित्याचेच वाटत होते. या प्रवासाने धक्का दिला आणि विचार करावयास लावले, असे ते नोंदवितात. जे स्वाभाविक भासत होते ते स्वाभाविक उरले नाही, हीच पञ्ञेची धार होय. १९२७ चा महाडचा संगर म्हणजे मसूरच्या तहानेवरचा उतारा, असे मानसशास्त्रीय सुलभीकरण आम्ही करणार नाही. पण या टिपणांत स्वतःविषयीची कणव किती अल्प आणि घटनेचे परीक्षण किती नेमके आहे, हे वाचकाने अवश्य पाहावे.

थेरगाथेतील सुनीत थेरांचे निवेदनही याच जातीचे आहे. नीच कुळात जन्म, दारिद्र्य, वाळलेली फुले झाडण्याचे काम आणि लोकांची घृणा हे सर्व ते उघड सांगतात, आणि आपण मन नीच करून पुष्कळांपुढे वाकत होतो असेही म्हणतात. मन नीच होते असे नव्हे, ते तसे केलेले होते. मगधाच्या नगरात शिरणारे भगवंत त्यांच्यासाठी थांबतात आणि 'ये भिक्खू' एवढेच म्हणून संघात घेतात. अरण्यातील एकान्त, ध्यान आणि तीन विद्या हे सर्व नंतरचे आहे. क्रम ध्यानात घ्यावा : आधी माणूस म्हणून स्वीकार, मग अंतर्मुखता.

हा क्रम उलटला म्हणजे काय होते, याची आठवण ताजी आहे. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला यांनी १७ जानेवारी २०१६ रोजी मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रात बालपणीच्या एकाकीपणातून आपण कधीच सावरू शकणार नाही, अशी व्यथा आहे. पत्रात कोणावरही दोषारोप नाही. आत पाहण्याची शक्ती त्या तरुणात अपार होती. ज्या महिन्यांत त्याने आत पाहिले, त्याच महिन्यांत तो निलंबित होता आणि वसतिगृहाबाहेर उघड्यावर निजत होता. अशा तरुणाला अंतर्बालकास कुशीत घेण्याचा सल्ला पुरला असता, असे म्हणण्यास आमची लेखणी धजत नाही.

न्हात हान्ह यांना हे अज्ञात होते असे नाही. युद्धकाळात समाजसेवेसाठी तरुणांची शाळा उभी करणारा, विहाराबाहेरच्या दुःखाकडे पाठ फिरवू नये असे शिकविणारा हा भिक्षू होता. त्यांचे जीवन त्यांच्या या ग्रंथापेक्षा विशाल आहे. म्हणूनच हा एकच ग्रंथ वेगळा काढून शिबिरांत वापरणे त्यांच्यावरही अन्याय करणारे ठरेल.

आत्मपरीक्षणाचा धडा भगवंतांनी एका बालकालाच दिलेला आहे. अंबलट्ठिका-राहुलोवाद सुत्त ऐकणारा राहुल अट्ठकथेनुसार सात वर्षांचा होता. आरसा कशासाठी असतो, असे त्याला विचारले जाते. मग काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर न्याहाळावयास सांगितले जाते : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय? पीडा देणारे कायिक वा वाचिक कर्म घडले असल्यास ते शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सब्रह्मचाऱ्यांपुढे उघड करावे. या पच्चवेक्खणाचा विषय भावना नसून कर्म आहे, आणि दुसरा माणूस त्यात पहिल्यापासून आहे. त्यामुळे हा आरसा जखमी मुलाआधी जखम करणाऱ्या हातांत द्यावयाचा असतो : वर्गात आडनावावरून टोमणा मारणाऱ्या शिक्षकाच्या, आणि लेकरावर हात उगारणाऱ्या आपल्याही बापाच्या.

सम्राट अशोकाने बैराटजवळील भाब्रू शिलालेखात भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका यांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे सात धम्मपर्याय सांगितले, त्यांत मृषावादासंबंधी राहुलास केलेल्या उपदेशाचा नामोल्लेख आहे. आमच्या माहितीतील शिबिरांत तो क्वचितच वाचला जातो. अनुवादासह वाचला तरी त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही, तेव्हा पालकांसह घेतलेल्या पहिल्या सत्रात त्याला जागा देण्यास अडचण नसावी.