एसएमआय-एस: मानक झालं, मोकळीक मिळाली का?

आज आपण एका मानकाची चिकित्सा करणार आहोत. त्याचं नाव स्टोरेज मॅनेजमेंट इनिशिएटिव्ह स्पेसिफिकेशन, थोडक्यात एसएमआय-एस. मोठ्या संस्थांमधली स्टोरेज यंत्रं एकाच पद्धतीने हाताळता यावीत, म्हणून ते तयार झालं.

आधी गरज समजून घेऊ. समजा, एका बँकेकडे तीन कंपन्यांचे स्टोरेज ॲरे आहेत आणि मध्ये फायबर चॅनेलचे स्विच आहेत. सर्व्हरला नवी जागा द्यायची, तर एका सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूम तयार करा, दुसऱ्यात स्विचचं झोनिंग करा, मग कोणता सर्व्हर कोणता व्हॉल्यूम पाहू शकेल ते ठरवा. कंपनी बदलली की सगळं पुन्हा शिका.

यावर उपाय म्हणून स्निया या उद्योगसंघटनेने २००२ मध्ये हे काम हाती घेतलं. डीएमटीएफ या संघटनेचं सीआयएम हे मॉडेल पायाला घेतलं. २००४ मध्ये हे अमेरिकन राष्ट्रीय मानक झालं, २००७ मध्ये आयएसओचं. श्रेय द्यायलाच हवं: कुठे काय बसवलंय, किती जागा उरलीय, याची यादी एकाच पद्धतीने मिळू लागली. विंडोज सर्व्हर २०१२ मध्येही त्याला आधार मिळाला.

मग माझी तक्रार काय? मानकाचं मोल त्यात किती लिहिलंय यावर ठरत नाही, सक्ती कशाची केलीय यावर ठरतं. इथे यंत्राचे गुण 'प्रोफाइल'मध्ये वाटले गेले. त्यातले काही बंधनकारक, बरेचसे ऐच्छिक. डेटाच्या प्रती काढण्यासारखं कळीचं काम ऐच्छिक भागात गेलं. शिवाय मूळ मॉडेलमध्ये कंपनीने स्वतःचे जादा वर्ग जोडायला मुभा होती. म्हणजे भाषा एकच, पण ऐन कामाचे शब्द ज्याचे त्याचे! ग्राहकाने त्या खास सोयींवर स्क्रिप्ट लिहिल्या की तो पुन्हा त्याच कंपनीच्या दावणीला.

हे अज्ञानातून झालं, असं मला वाटत नाही. समितीत बसलेल्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या. सहज बदलता येईल असं यंत्र विकण्यात त्यांना कितीसा रस असणार?

दुसरी अडचण बोजडपणाची. सीआयएमचे वर्ग, त्यांच्यातले संबंध, एक्सएमएलमधले संदेश. साधी माहिती काढायलाही बरीच साखळी चालावी लागे. पुढे २०१५ मध्ये डीएमटीएफचं रेडफिश आलं आणि त्यावर आधारलेलं स्नियाचं स्वोर्डफिश २०१६ मध्ये. त्यात रेस्ट आणि जेसन वापरल्यामुळे वेब प्रोग्रामरलाही ते ओळखीचं वाटतं. सुधारणा खरी आहे. पण त्याने बोजडपणा कमी झाला. सक्ती कशाची, हा प्रश्न वेगळाच राहतो.

आता उलटं उदाहरण बघा. ॲमेझॉनची एसथ्री सेवा २००६ मध्ये आली. तिची पद्धत कुठल्या मानक समितीने लिहिली नव्हती. वस्तू ठेवा, आणा, पुसा, यादी द्या, एवढ्या मोजक्या क्रिया. असंख्य प्रोग्राम त्यावर लिहिले गेले, म्हणून सेफसारख्या मुक्त प्रणालींनीही तीच पद्धत स्वीकारली. अर्थात इथे लेखणी एकाच कंपनीच्या हातात आहे, तोही धोकाच. पण शिकण्यासारखं हे, की वापरणाऱ्यांचा रेटा असला की छोटं मानकही टिकतं.

म्हणून खरेदी करणाऱ्यांना माझं सांगणं: निविदेत नुसतं 'मानकाला अनुरूप' लिहून थांबू नका. कोणत्या आवृत्तीतली कोणती प्रोफाइल, ते नावानिशी मागा. आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर डेटा हलवून दाखवायला सांगा, तेही पैसे देण्यापूर्वी. रुग्णालयातल्या नोंदी असोत की बँकेतली खाती, यंत्रं काही वर्षांनी बदलतात, डेटा मात्र राहतो. तो हलवता आला नाही, तर मालक आपण फक्त कागदावर!

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.