टक्केवारी कुणाची आणि किती मुलांची?

जिल्हा परिषदेच्या शाळांचा शैक्षणिक दर्जा वाढला की घसरला, याची चर्चा आता दरवर्षी आकड्यांच्या आधारे होते. ही चांगली गोष्ट आहे. मात्र ज्या आकड्यावरून शिक्षकाला शाबासकी मिळते किंवा कारणे दाखवा नोटीस येते, तो आकडा तेवढा भार सोसू शकतो का, हे कुणी तपासत नाही. ती तपासणी आपण येथे करू.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्याचे उदाहरण घ्या. ताडोबा-अंधारीच्या जंगलाला लागून असलेल्या या भागात लहान गावे आणि टोले पुष्कळ आहेत. समजा, एका टोल्यावरच्या शाळेत तिसरीत 5 मुले आहेत. गेल्या वर्षी त्यांपैकी 4 जणांना दुसरीचा धडा वाचता आला, म्हणजे 80 टक्के. यंदाच्या 5 पैकी दोघांनाच आला, म्हणजे 40 टक्के. कागदावर दर्जा निम्म्यावर आला! प्रत्यक्षात काय बदलले? मुले बदलली, एवढेच.

याची गंमत वर्गात करून पाहता येते. 5 नाणी एकदम उडवा. पाचही छापा पडण्याची शक्यता 32 मध्ये 1 आणि एकही छापा न पडण्याची शक्यताही तेवढीच. म्हणजे अगदी सारखेच शिकवणाऱ्या 32 शाळा घेतल्या, आणि प्रत्येक मुलाला वाचता येण्याची शक्यता निम्मी धरली, तर त्यांत सरासरीने एक शाळा ‘शंभर टक्के’ निघेल आणि एक ‘शून्य टक्के’. वर्गात 40 मुले असतील, तर निकाल बहुतेक वेळा 34 ते 66 टक्क्यांच्या आत राहील. सरासरीतील चढउतार मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. द मॉयव्हर या गणितज्ञाने हा नियम अठराव्या शतकातच मांडला होता.

हॉवर्ड वेनर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने 2007 मध्ये पेनसिल्व्हानियातील 1,662 शाळांचे निकाल याच दृष्टीने तपासले. सर्वांत वरच्या 50 शाळांत 6 शाळा अगदी लहान होत्या. तेवढ्यावरून लहान शाळा उत्तम असे म्हणता आले असते. पण सर्वांत खालच्या 50 शाळांतही 9 शाळा अगदी लहानच होत्या. लहान शाळा यादीच्या दोन्ही टोकांना दिसतात, त्या लहान आहेत म्हणून.

याचा पुढचा परिणाम अधिक फसवा आहे. यादीत तळाला असलेल्या शाळांना भेटी दिल्या, तंबी दिली, की पुढच्या वर्षी त्यांचे आकडे बहुधा सुधारतात. वरच्यांचा सत्कार केला, की त्यांचे आकडे उतरतात. तंबी लागू पडते आणि कौतुक बाधते, असा समज यातून पक्का होतो. वास्तविक दोन्ही गट सरासरीकडे परतत असतात. गाल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीबाबत हेच दाखवले होते.

आता मोठ्या पाहण्यांकडे वळू. ‘असर’ ही पाहणी 2005 पासून होते. तिचा मोठा गुण असा, की ती घरी जाऊन एकेका मुलाला वाचायला लावते. 2024 मध्ये 605 जिल्ह्यांतील 17,997 गावांत 6 लाख 49 हजारांहून अधिक मुलांपर्यंत ती पोहोचली. सरकारी शाळांतील तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे देशातील प्रमाण 2018 मध्ये 20.9 टक्के, 2022 मध्ये 16.3 टक्के आणि 2024 मध्ये 23.4 टक्के होते. एवढ्या मोठ्या नमुन्यात ही घसरण आणि भरपाई योगायोगाची नाही. तरीही एक प्रश्न विचारायलाच हवा: सरकारी शाळांत मुले तीच होती का? 6 ते 14 वयोगटातील सरकारी शाळांतल्या मुलांचे प्रमाण याच काळात 65.6 वरून 72.9 आणि नंतर पुन्हा 66.8 टक्के झाले. वर्गात कोण बसले आहे हे बदलले, की सरासरीही बदलते.

जिल्ह्याच्या पातळीवर मात्र हीच पाहणी तोकडी पडते. एका जिल्ह्यात 30 गावे आणि प्रत्येकी 20 घरे, म्हणजे 600 घरे. त्यात सरकारी शाळेतली तिसरीची समजा 60 मुले सापडली, तर केवळ नमुन्यामुळे येणारी चूक सुमारे 13 टक्क्यांपर्यंत इकडे किंवा तिकडे जाऊ शकते. एकाच गावातली मुले एकमेकांसारखी असल्याने ती आणखी वाढते. तेव्हा जिल्हा चार टक्क्यांनी पुढे गेला, या बातमीला फारसा अर्थ उरत नाही.

सरकारी राष्ट्रीय पाहणीचा नमुना मोठा असतो, पण तिची अडचण वेगळी आहे. 12 नोव्हेंबर 2021 ची पाहणी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची होती, तर 4 डिसेंबर 2024 ची तिसरी, सहावी आणि नववीची. पट्टीच बदलली, तर पाचवी-आठवीची वाढ मोजायची कशाने? शिवाय शाळेत होणारी चाचणी त्या दिवशी हजर असलेल्यांचीच असते. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या आईबापांबरोबर गेलेले मूल हजेरीत नसते, त्यामुळे सरासरीतही नसते. ते वाचनात मागे असेल, तर त्याच्या गैरहजेरीने शाळेचा आकडा वाढतोच!

हा वाद निव्वळ गणिताचा नाही. 2017 मध्ये राज्यात 10 पेक्षा कमी पटाच्या 1,300 हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा पटाच्या जोडीला गुणवत्तेचे कारणही पुढे करण्यात आले. पाच-सात मुलांच्या टक्केवारीवरून शाळेची गुणवत्ता ठरत नाही. आणि जंगलपट्ट्यात शाळा बंद होणे म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाने दुसऱ्या गावी चालत जाणे.

मग मोजूच नये का? अवश्य मोजावे, पण रीतीने. टक्केवारीशेजारी मुलांची संख्या आणि गैरहजरांची संख्या छापावी. लहान शाळांची निदान तीन वर्षांची बेरीज एकत्र पाहावी. आणि शिक्षकांनी आपली स्वतःची वही ठेवावी: तेच मूल जून-जुलैत काय वाचत होते, दिवाळीनंतर काय आणि एप्रिलमध्ये काय. पाच मुलांच्या वर्गात सरासरीची गरजच नाही. पाचही नावे लिहिता येतात. अधिकाऱ्यांनी आकडा पुढे केला, तर ही वही पुढे करावी आणि नम्रपणे विचारावे, ‘साहेब, ही टक्केवारी किती मुलांची?’