बीबी का मकबरा : वास्तूमागील माणसे आणि त्यांची विद्या – एक पुनर्विचार

प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा ही वास्तू पर्यटन पुस्तिकांतून, मार्गदर्शकांच्या निवेदनातून आणि सामान्य बोलण्यातून 'दख्खनचा ताज' या नावाने परिचित आहे. या नावात कौतुक जेवढे आहे तेवढाच कमीपणाही आहे. आग्र्याच्या ताजमहालाशी तुलना करायची, संगमरवर किती कमी पडला हे सांगायचे आणि 'गरिबाचा ताज' असा शिक्का मारून पुढे जायचे, अशी या वास्तूच्या समीक्षेची जणू पद्धतच पडून गेली आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने या वास्तूविषयी प्रतिकूल मत नोंदविले. पुढील लेखनावर या मताची छाया दीर्घकाळ राहिली.

या पद्धतीचा एक दोष असा की, ती वास्तूकडे केवळ आश्रयदाता आणि त्याची तिजोरी या दोन बाजूंनी पाहते. वास्तू कोणी आखली, त्या व्यक्तीची विद्या कोणती होती, ती कोठून आली आणि दख्खनच्या भूमीत ती कशी वापरली गेली, हे प्रश्न तीत उद्भवतच नाहीत. प्रस्तुत लेखात मकबऱ्याचा विचार त्यामागील माणसे व त्यांचे ज्ञान यांच्या अंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे. असा विचार केल्यास 'नक्कल' हा शब्द अपुरा ठरतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

श्रेय कोणाचे?

मकबरा ज्यांच्या स्मरणार्थ उभारला गेला त्या दिलरस बानू बेगम ऊर्फ राबिया-उद्-दौरानी या औरंगजेबाच्या प्रथम पत्नी होत. त्यांचे निधन ऑक्टोबर १६५७ मध्ये झाले. मुलगा आझमशाह याने आईच्या प्रेमापोटी हा मकबरा बांधला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि बांधकामाचा काळ १६५१ ते १६६१ असा दिला जातो. या दोन्ही विधानांची तारखांशी तुलना करणे अगत्याचे आहे. निधनापूर्वी सहा वर्षे स्मारकाचे काम सुरू होते, हे मानणे कठीण आहे. आझमशाहाचा जन्म १६५३ चा असल्याने १६६१ मध्ये तो केवळ आठ वर्षांचा होता. त्याने पुढील काळात वास्तूची देखभाल वा दुरुस्ती करविली असणे शक्य आहे. परंतु मूळ बांधकामाचे श्रेय त्याला देता येत नाही. वास्तू औरंगजेबाच्या आज्ञेने उभी राहिली, हेच मत अधिक सयुक्तिक ठरते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दिलरस बानूंच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १६५८ च्या आरंभी, औरंगजेब वारसायुद्धासाठी उत्तरेकडे निघून गेला. त्या वर्षीच्या जुलैत त्याचा पहिला राज्यारोहण समारंभ झाला आणि १६५९ मध्ये दुसरा. मकबऱ्याचे काम १६६०-६१ च्या सुमारास पूर्णत्वास गेले. म्हणजे बांधकामाच्या बहुतेक काळात आश्रयदाता स्थळावर नव्हता. राज्य कोणाच्या हाती राहणार याचा निर्णय लागत असताना वास्तू उभी राहत होती, ती स्थळावरील जाणकारांच्या हातून. आज्ञा आणि पैसा बादशहाचा असला, तरी दगडागणिक घ्यावा लागणारा निर्णय त्याचा असू शकत नाही.

एका घराण्याची विद्या

हे जाणकार कोण होते, याचे उत्तर वास्तूवरच कोरलेले आहे. दक्षिणेकडील मुख्य प्रवेशद्वाराच्या दारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय ही दोन नावे आढळतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या माहितीनुसार यांपैकी पहिला वास्तुविशारद व दुसरा अभियंता होय. मोगल काळातील बहुसंख्य मोठ्या वास्तूंवर आखणी करणाऱ्याचे नाव आढळत नाही, खुद्द ताजमहालावरही नाही. हे पाहता या दारावरील लेखाचे मोल ध्यानात येते.

अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरी यांचा पुत्र असल्याचे अभ्यासक सामान्यतः मानतात. उस्ताद अहमद यांचे निधन १६४९ मध्ये झाले. ताजमहाल आणि दिल्लीचा लाल किल्ला यांच्या रचनेचे श्रेय त्यांना मिळते, ते प्रामुख्याने त्यांचा दुसरा पुत्र लुत्फउल्ला याने रचलेल्या फारसी काव्यामुळे. दरबारी बखरकारांनी जे सांगितले नाही ते मुलाने पद्यात नोंदवून ठेवले. लुत्फउल्लाने 'मुहंदिस' हे उपनाम धारण केले होते. या शब्दाचा अर्थ भूमितिज्ञ असा होतो आणि या घराण्याची स्वतःविषयीची समजूत त्यातून स्पष्ट होते. तिसरा पुत्र नूरउल्ला सुलेखनकार म्हणून ओळखला गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर ही एक कौटुंबिक वास्तुसंस्थाच होती. तीत आखणी, गणित आणि अक्षरकला ही तिन्ही अंगे एकाच घरात नांदत होती.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या घराण्याचा एक धागा विशेष महत्त्वाचा आहे. अताउल्ला रशीदी याने १६३४-३५ मध्ये भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या संस्कृत ग्रंथाचा फारसी अनुवाद करून तो शाहजहानला अर्पण केला. त्यापूर्वी १५८७ मध्ये फैजीने 'लीलावती'चा अनुवाद केला होता. परंतु फैजी हा दरबारी कवी होता, तर अताउल्ला बांधकामाच्या व्यवसायात वाढलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. मकबऱ्यापासून निघून कन्नडचा घाट उतरला की हे स्थळ जवळच येते. ज्या विद्येची परंपरा सह्याद्रीच्या या पायथ्याशी जपली गेली, तिचा अभ्यासक साडेचार शतकांनंतर घाटमाथ्यावरील नगरात वास्तू आखतो, हा योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे.

अर्थात, यावरून मकबऱ्याची प्रमाणे 'बीजगणित' ग्रंथातून आली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ग्रंथातील समीकरणाने घुमट उभा राहत नाही. परंतु संस्कृत ग्रंथाला भिडण्याची तयारी असलेला, गणिताला हस्तकौशल्याइतकेच व्यवसायाचे अंग मानणारा मनुष्य या कामावर होता, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. अशा मनुष्याच्या कामाला केवळ 'नकलाकाराचे काम' म्हणण्यापूर्वी समीक्षकाने थांबले पाहिजे.

सहकार्याची पद्धत

अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे शेजारी यावीत, हा अपवाद नव्हता. मांडू येथील होशंगशाहाच्या संगमरवरी मकबऱ्याला लुत्फउल्ला मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद या चौघांनी १६५९ मध्ये भेट दिल्याचा लेख त्या वास्तूवर आहे. पंधराव्या शतकातील एक वास्तू पाहण्यासाठी चार व्यावसायिक एकत्र जातात आणि आपली नावे दगडावर नोंदवितात. यातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे जुन्या वास्तूंचा प्रत्यक्ष अभ्यास हा या व्यवसायाच्या शिक्षणाचा भाग होता. दुसरी म्हणजे कामाची वाटणी धर्मावरून नव्हे तर जाणकारीवरून होत असे. मकबऱ्याच्या दारावरील दोन नावे याच कार्यपद्धतीची खूण मानता येतील.

नक्कल की पर्याय?

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळू. चार मिनार, उंच चौथरा, मधोमध कांद्याच्या आकाराचा घुमट, हे सारे ताजमहालावरून घेतले आहे, यात शंका नाही. परंतु तीन ठिकाणी अताउल्लाने वेगळा मार्ग धरला आहे.

पहिले म्हणजे जागेची मांडणी. ताजमहाल बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर उभा आहे. बीबी का मकबरा सुमारे ४५८ मीटर लांब व २७५ मीटर रुंद आवाराच्या मध्यभागी, चारबागेच्या मधोमध आहे. ही मांडणी ताजची नसून दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याची आहे. म्हणजे रचनाकाराने पित्याच्या वास्तूबरोबरच त्यापूर्वीच्या परंपरेचाही विचार केला होता.

दुसरे म्हणजे कबरीची योजना. ताजमधील मुख्य दालनात प्रतीकात्मक कबरी असून खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत. येथे मात्र दालनाच्या जमिनीलाच अष्टकोनी मोकळीक ठेवली आहे. तिच्याभोवती संगमरवरी जाळी आहे आणि तीतून खाली वाकून पाहिले असता प्रत्यक्ष कबर दिसते. वर उभा असलेला मनुष्य आणि खाली विसावलेली व्यक्ती यांच्यात प्रतीकाचा आडपडदा राहत नाही. हा निर्णय पैशाअभावी घेतलेला नाही, तो विचारपूर्वक घेतलेला आहे.

तिसरे म्हणजे साहित्याची निवड. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'नुसार मकबऱ्यावर ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाला. ताजमहालासाठी सामान्यतः सांगितली जाणारी ३ कोटी २० लाखांची रक्कम गृहीत धरल्यास हा खर्च त्याच्या सुमारे २ टक्के भरतो. शिवाय संगमरवर दुरून आणावा लागे. फ्रेंच प्रवासी टॅव्हर्नियरने या कामासाठी संगमरवर वाहून नेणाऱ्या सुमारे ३०० गाड्या पाहिल्याचे नमूद केले असून त्यांतील लहानात लहान गाडीलाही १२ बैल जोडलेले होते. या अडचणीवर अताउल्लाने काढलेला मार्ग असा : भिंतीचा खालचा पट्टा व घुमट संगमरवराचे आणि मधला भाग येथल्याच काळ्या पाषाणाचा, त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा आणि नक्षीची चुनेगच्ची. डोळ्याजवळ येणारा भाग आणि दुरून दिसणारा माथा यांना मौल्यवान दगड दिला, तर मधले अंतर दख्खनच्या दगडाने व कारागिरांच्या हाताने भरून काढले. मर्यादित साधनांत परिणाम साधण्याची ही जाण म्हणजेच वास्तुविशारदाची खरी कसोटी होय.

वास्तूच्या उणिवा

तथापि, रचनाकाराचे नाव सापडले म्हणून वास्तूच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. मिनार मुख्य इमारतीच्या मानाने फार जवळ आले आहेत, त्यामुळे घुमटाला लागणारा मोकळा अवकाश मिळत नाही. इमारतीची उंची रुंदीवर मात करते आणि ताजमहालातील शांत समतोल येथे जाणवत नाही. संगमरवर व गिलावा काळाच्या ओघात सारखे झिजत नाहीत, त्यामुळे एकेकाळी एकसंध वाटणारा शुभ्र रंग आज तुकड्यातुकड्यांनी दिसतो. फर्ग्युसनच्या मतात या अर्थाने तथ्य आहे. मात्र या उणिवा एका प्रयोगाच्या उणिवा आहेत. त्यांचे कारण रचनाकाराच्या अज्ञानात न शोधता, मोठ्या वास्तूचे प्रमाण लहान क्षेत्रावर आणताना येणाऱ्या अडचणीत शोधावे लागते.

न नोंदलेली नावे आणि आजचा प्रश्न

दारावर दोन नावे आहेत, म्हणून वास्तू दोघांचीच ठरत नाही. पाषाण घडविणारे, जाळी कोरणारे, प्रवेशद्वाराच्या लाकडावर पितळी पत्रा मढवून त्यावर वेलबुट्टी उठविणारे, चुना मळणारे व गिलावा घोटणारे यांची नावे कोठेही नाहीत. विशेषतः मकबऱ्याचे आजचे रूप ज्यावर अवलंबून आहे ते चुनेकाम सर्वस्वी अनामिक आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. चुन्याचा गिलावा मराठवाड्याचे ऊन आणि पाऊस सोसतो, परंतु त्याची वेळोवेळी डागडुजी करावी लागते. ती सिमेंटने करता येत नाही. सिमेंट भिंतीतील ओल कोंडून ठेवते आणि जुना गिलावा सुटू लागतो. चुना किती दिवस मुरवायचा, कोणत्या हाताने आणि कोणत्या वेळी घोटायचा, हे ज्ञान पुस्तकापेक्षा माणसांत राहते. वास्तूला 'ताजची नक्कल' म्हणून सोडून दिले की ज्या अंगात ती ताजहून वेगळी आहे, नेमक्या त्याच अंगाचे ज्ञान दुर्लक्षित होते. चुकीच्या समीक्षेचे परिणाम अशा रीतीने भिंतीपर्यंत पोहोचतात. म्हणूनच आपल्या भागातील वास्तुशास्त्र महाविद्यालयांनी आणि इतिहास विभागांनी संयुक्तपणे या परिसरातील चुनेकाम जाणणाऱ्या कारागिरांच्या पद्धतींची नोंद करणे आवश्यक आहे. लुत्फउल्लाने पद्यात पित्याचे नाव राखले नसते, तर ताजमहालाचा रचनाकार आपणास अज्ञातच राहिला असता. हे उदाहरण आपल्यासमोर आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बीबी का मकबऱ्याचे मूल्यमापन ताजमहालाच्या संगमरवराशी तुलना करून पूर्ण होत नाही. ज्याची कालगणना जुळत नाही अशा मातृप्रेमाच्या कथेपेक्षा, दारावर कोरलेली दोन नावे हा अधिक भक्कम पुरावा आहे. एका घराण्याने गणित, आखणी व अक्षर यांची जोपासलेली विद्या, हंसपतरायासारख्या सहकाऱ्याची साथ आणि दख्खनच्या कारागिरांचे हात यांच्या संयोगातून ही वास्तू उभी राहिली. ती निर्दोष नाही, पण ती विचारपूर्वक केलेली निर्मिती आहे. तिच्यासमोर उभे राहून 'किती संगमरवर लागला' असे विचारण्याऐवजी 'हे कोणी आणि कसे केले' असे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर दख्खनच्या वास्तुसमीक्षेला तिची स्वतःची वाट सापडेल.