पाच इंचांची तलवार

इयान सेरेलिअर यांच्या ‘द सिल्व्हर स्वोर्ड’ या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतली तलवार जेमतेम पाच इंचांची आहे. पाते रुपेरी, पितळी मुठीवर ज्वाळा ओकणारा ड्रॅगन कोरलेला. काम मात्र लिफाफे उघडण्याचे! जोसेफ बालित्स्की या शिक्षकाने पत्नीला वाढदिवसाला दिलेली ही भेट, नाझींच्या कैदेतून निसटून आल्यावर, त्याला वॉर्सातल्या आपल्याच घराच्या ढिगाऱ्यात सापडते. रणगाड्यांच्या त्या काळात लेखकाने कथेची खूण म्हणून निवडली ती कुणाला ओरखडाही न काढणारी, केवळ आपल्या माणसांचा मजकूर मोकळा करण्यासाठी घडवलेली तलवार. या निवडीतले मार्दव लक्षात आले, की आपण पुस्तक अधिक हळुवारपणे उलगडू लागतो.

जोसेफ ती यान नावाच्या अनाथ पोराला देतो आणि सांगतो : माझी मुले भेटली तर त्यांना सांग, मी स्वित्झर्लंडला निघालो आहे. यान तिला आपल्या लाकडी पेटीत ठेवतो. पुढे हाच यान आजारी अवस्थेत, आई हिरावली गेलेल्या रूथ आणि ब्रोनिया या जोसेफच्या मुलींच्या आसऱ्याला येऊन पोचतो. वडिलांचा निरोप मुलींच्या उशापाशी पेटीत पडून आहे, आणि तो फक्त आपल्याला ठाऊक आहे! या जाणतेपणातली गोड घालमेल काय वर्णावी? शकुंतलेच्या अंगठीने विसरलेले प्रेम आठवते. इथे ही इवलीशी तलवार हरवलेला रस्ता दाखवते.

त्या रस्त्यावरचे एकच वळण आपण निरखून पाहू. माणसांपेक्षा मुक्या जिवांवर विश्वास टाकणारा यान, सरोवरातल्या वादळात, जिवापाड जपलेल्या कुत्र्यापाठी न धावता रूथच्या क्षयाने खंगलेल्या भावाकडे, एडेककडे वळतो. भावाभावांचे नाते जन्माने मिळते असे आपण म्हणतो. ते असे निवडूनही घेता येते, हे लेखक एकाही उपदेशाच्या वाक्याविना दाखवून देतो.

अशा मुलांचे एक गाव महाराष्ट्रानेही पाहिले आहे. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिले. म्हणून रूथने वॉर्साच्या तळघरात भरवलेली शाळा आपल्याला परकी वाटत नाही.

पण या कादंबरीचा परमोच्च रस मला लाभतो तो आईवडिलांच्या भेटीनंतर. तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर भावंडांची आई झालेली, उपाशी पोरांना गोष्टी सांगून जगवणारी रूथ, खरी आई भेटताच काही काळ लहान मुलीसारखी तिच्या मागेमागे फिरू लागते. किती अचूक, किती कोवळे निरीक्षण हे! घर मिळाले, देश मिळाला, पोटभर अन्न मिळाले, तरी लेखकाला एक थकबाकी आठवते : या मुलीचे राहून गेलेले बालपण. ते तो तिला कोणतीही लाज वाटू न देता परत करतो. युद्धानंतर आयुष्य सावरायचे म्हणजे केवळ पुन्हा उभे राहायचे नसते. ज्यांनी अकाली सगळ्यांना सांभाळले, त्यांना कुणाच्या तरी कुशीत पुन्हा लहान होता आले पाहिजे. हे पुस्तक मुलांच्या हाती जरूर द्यावे आणि त्याचे शेवटचे प्रकरण मात्र आपण मोठ्यांनी सावकाश, दुसऱ्यांदा वाचावे.