‘लाइक’ करणारी लेखिका असते का?

‘वेबमुळे वाचक लेखक झाला’ हे वाक्य आपल्या समीक्षेत फार सैलपणे फिरते. मी ते पालघरला तपासून पाहतो. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईतल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला नुसते ‘लाइक’ केले. अटक दोघींना झाली, दवाखाना पहिलीच्या काकांचा फुटला. ‘लाइक’चे बटण आले २००९मध्ये. वाचले, पटले, की मैत्रीखातर दाबले, हे तो अंगठा सांगत नाही. पोलिसांनी मात्र त्यात लेखकत्व वाचले. (वाईट समीक्षक याहून वेगळे काय करतो?) २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात कलम ६६अ रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी वेगळी करणारा तो निकाल मी कायद्याच्या नव्हे, समीक्षेच्या पुस्तकांत ठेवला आहे.