सेल्फ मारण्याआधी

चालता चालता बंद पडलेल्या गाडीत बहुतेक वेळा एकच गोष्ट बिघडलेली असते. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत बॅटरी, डिझेल, रबर आणि गंज या सगळ्यांनी गुपचूप थोडं थोडं काम करून ठेवलेलं असतं. म्हणून अशी गाडी चालू करणं हे मला डिझेल मिस्त्रीचं सगळ्यात देखणं काम वाटतं. कवितेचं ओळीओळीने रसग्रहण करतात तसं या कामाचंही करावं, इतकं त्यात आहे.

नाहूरला, गोरेगाव-मुलुंड लिंक रोडच्या बाजूला, एक जुनी ४०७ चालू होताना मी पाहिली. टाटांची ही गाडी १९८६ साली आली. जुन्या ४०७ मध्ये चार सिलिंडरचं इंजिन आणि यांत्रिक पंप, कॉम्प्युटर कुठेही नाही. त्यामुळे जे काही कळायचं ते हाताला, कानाला आणि नाकालाच कळणार. ही गाडी आख्खा पावसाळा उघड्यावर उभी होती. नाहूरच्या पूर्वेला मिठागरं आणि खाडी, त्यामुळे इथल्या हवेत लोखंड लवकर खराब होतं.

मालक घाईत होते. म्हणाले, "मिस्त्री, एकदा सेल्फ मारून तर बघू."

"थांबा शेठ. आधी हाताने फिरवून बघू."

या एका वाक्यात सगळी विद्या आहे. उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. त्याहून वाईट म्हणजे, सायलेन्सरमधून किंवा गळक्या गॅस्केटमधून पाणी आत गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फचा झटका दिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. मिस्त्रींनी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन सावकाश पूर्ण फिरवलं. कुठे अडत नाही हे मनगटाला कळलं, तेव्हाच ते पुढे गेले.

बॅटरीचं प्रकरण लवकर आटोपलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती, ती गरम पाण्याने धुतली. बॅटरी पार उतरलेली होती, म्हणून दुसरी आणून लावली. बॉडीला जाणारी अर्थची वायर मात्र त्यांनी सोडवून घासून पुन्हा कसली. नवी बॅटरी घालूनही सेल्फ रडत असेल तर पुष्कळदा दोष इथेच निघतो.

मग डिझेल. अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की वरच्या रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड होते आणि पत्र्याला पाणी सुटतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ धरतो. मिस्त्रींनी टाकीखालचा बोल्ट सैल केला. बाटलीत आधी गढूळ पाणी आलं, मग काळपट थेंब, मग डिझेल. बाटली उजेडात धरून त्यांनी मालकांना ती रेघ दाखवली: खाली पाणी, वर डिझेल. दोन्ही फिल्टर बदलले.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सतराएक पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. ते उडवायला नोझलवर दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. पाइपात हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो, नोझल उघडतच नाही. फिल्टर बदलला म्हणजे हवा शिरलेलीच असते.

मिस्त्रींनी फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल केला आणि फीड पंपाचा हातपंप मारायला लागले. आधी नुसतं फुसफुसलं. मग पांढरा फेस, त्यात मोठाले बुडबुडे. फेस पातळ झाला, बुडबुडे बारीक झाले, पण हात थांबला नाही. धार काचेसारखी स्वच्छ झाल्यावरही त्यांनी चार-पाच दाब जास्तच मारले आणि पंप मारता मारताच स्क्रू कसला, म्हणजे जाताजाता हवा परत आत ओढली जाऊ नये. तेच मग मोठ्या पंपावर.

आता सेल्फ. पण त्याआधी स्टॉपची केबल ओढून धरायला लावली. इंजिन फिरेल, पेटणार नाही, तोवर कोरड्या बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचेल. ऑइलचा दिवा विझला तेव्हा केबल सोडली. ती गंजाने अर्ध्यातच अडकली; पंपावरचा दांडा हाताने मागे ढकलावा लागला. ही केबल अडकलेली राहिली तर माणूस दिवसभर नोझल खोलत बसतो.

पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून काहीच आलं नाही. धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. नोझलच्या नटांमधली उरलेली हवा काढली. दुसऱ्या सेल्फला पांढरा धूर आला आणि मिस्त्रींचा चेहरा खुलला, कारण पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचलंय, पेटायचं तेवढं बाकी आहे. दर वेळी दहा-पंधरा सेकंदांवर सेल्फ नाही, मध्ये विश्रांती. तिसऱ्याला एक सिलिंडर लागला, मग दुसरा, आणि थरथरत चारही.

मालकांनी पाकीट काढलं. मिस्त्रींनी गाडी गरम होऊ दिली, बंद केली आणि सांगितलं, "जेवून या, मग परत मारू." हवा शिरणारी बारीक जागा चालू गाडीत लपून राहते, गाडी उभी राहिली की डिझेल टाकीकडे उतरतं आणि तिथून हवा आत येते. जेवणानंतर गाडी लागली, पण लांबलचक सेल्फ घेऊन. त्यांनी फीड पंपाच्या जोडावर बोट फिरवलं, ते ओलं झालं. तांब्याचे दोन वॉशर बदलले, परत हवा काढली आणि अजून तासभर गाडी बंद ठेवायला सांगितली.